वाकाया की सुरी?

घोंगडीवर उघड्या अंगाने तुम्ही कधी झोपला असाल, तर लोकर टोचते म्हणजे काय हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. पण दक्षिण अमेरिकेतील अल्पाका नावाच्या प्राण्याची चांगली लोकर नुसत्या मानेभोवती गुंडाळली तरी टोचत नाही. असे का व्हावे?

अल्पाका हा उंटाच्या कुळातील, पण वशिंड नसलेला प्राणी. पेरू, बोलिव्हिया या देशांत अँडीज पर्वतावर सुमारे ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवर त्याचे कळप चरतात. व्हिक्यूना या रानटी प्राण्यापासून तेथील लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. आता अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन येथेही हौशी लोक तो पाळतात आणि अशा नवख्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की वाकाया घ्यावा की सुरी?

हे अल्पाकाचे दोन प्रकार. (नाव सुरी असले तरी कापण्याशी त्याचा काही संबंध नाही!) वाकायाच्या तंतूला नागमोडी वळणे असतात. त्यामुळे लोकर फुगून राहते आणि प्राणी पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. सुरीच्या तंतूला ही वळणे जवळजवळ नसतातच. त्याच्या पिळदार बटा दोन्ही बाजूंना लोंबतात व पाठीच्या कण्यावर भांग पडतो. भांग दिसतो छान, पण थंड वारा आणि पाऊस तेथूनच अंगाला भिडतो. ऊब खरे तर लोकर देत नाही, तिच्यात अडकलेली स्थिर हवा देते आणि वाकायाच्या वळणांत ती भरपूर अडकते. म्हणून सुरी पाळायचा तर निवारा अधिक चांगला हवा. उलट, सुरीच्या तंतूवरील खवले फार सपाट असल्याने त्याला रेशमासारखी चमक येते.

आता टोचण्याकडे वळू. सायकलच्या चाकाची तार टोकावर उभी धरून दाबा. ती थोडा वेळ तग धरते व मग एकदम वाकते. कापडातून बाहेर आलेले तंतूचे टोकही त्वचेवर असेच दाबले जाते. तंतू लवकर वाकला, तर आपल्याला काही कळत नाही. पण सुमारे ७५ मिलिग्रॅम वजनाइतका दाब पडेपर्यंत तो ताठ राहिला, तर त्वचेतील मज्जातंतू तक्रार करतात! हे वाकविणारे बल तंतूच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या समप्रमाणात असते. म्हणजे व्यास २० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ३० मायक्रॉन झाला, तर तेवढ्याच लांबीच्या तंतूचा ताठपणा दीडपट नव्हे, पाचपट होतो. म्हणूनच ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू शेकडा पाचांहून अधिक झाले की कापड टोचरे समजतात.

येथेच नवखा माणूस फसतो. विकणारा सरासरी व्यास सांगतो, समजा २४ मायक्रॉन. पण दोन प्राण्यांची सरासरी तीच असून एकाचे प्रमाण विचलन ३ आणि दुसऱ्याचे ६ असू शकते. वितरण प्रसामान्य मानून गणित करून पाहा. पहिल्याचे सुमारे २ टक्केच तंतू ३० मायक्रॉनच्या वर जातील, दुसऱ्याचे मात्र सुमारे १६ टक्के. एकाचा मफलर होईल, दुसऱ्याचा फार तर गालिचा. माझ्या मते वाकाया की सुरी यापेक्षा हा प्रश्न आधी विचारावा. शिवाय वय वाढते तशी लोकर जाड होत जाते, तेव्हा पिलाचे माप पाहून भुलू नये.

हा व्यास तुम्हांलाही मोजता येईल. अंधाऱ्या खोलीत लाल लेझर पॉइंटरच्या झोतात एकच ताणलेला तंतू धरा आणि २ मीटर दूरच्या भिंतीवर पाहा. (झोत कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये; शिक्षकांना जवळ ठेवा.) विवर्तनामुळे प्रकाशाचे पट्टे दिसतील. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांमधील अंतराने भागले की व्यास मिळतो. मात्र मध्यावरचा तेजस्वी पट्टा दुप्पट रुंद असतो, तो मोजू नका. तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन धरली, तर २० मायक्रॉनच्या तंतूसाठी हे अंतर ६.५ सें.मी. येते व ३० मायक्रॉनसाठी ४.३ सें.मी. तंतू बारीक तेवढे पट्टे दूर दूर! अल्पाका जवळ नसला तर स्वतःचा केस घ्या, आणि मिळाल्यास घोंगडीचा एक तंतूही.