उभ्या गाडीची बॅटरी : हे लक्षात ठेवा

व्होल्टेज (१२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, गाडी काही तास बंद असताना)
• १२.६ ते १२.७ : पूर्ण चार्ज
• १२.४ : सुमारे ७५ टक्के, चार्ज करावी
• १२.० : सुमारे २५ टक्के, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसू लागते

बॅटरी का उतरते?
• घड्याळ, अलार्म बंद गाडीतही वीज ओढतात. ५० मिलीअँपिअर म्हणजे महिन्याला ३६ अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास रिकामी.
• उष्णतेने बॅटरी आपोआपही लवकर उतरते. केदारखेडा परिसरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या शेडपेक्षा सावलीची, हवेशीर जागा बरी.

चार्जरमधला फरक
• साधा चार्जर : वेळेवर काढावा लागतो, नाहीतर पाण्याचे विघटन होऊन ते आटते.
• मेंटेनर : बॅटरी भरताच व्होल्टेज १३.५च्या आसपास आणतो. महिनोन्‌महिने जोडून ठेवता येतो. मात्र अखंड वीज हवी.

क्रम
• बॅटरीच्या वायरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले (पॉझिटिव्ह अर्थ) असते, तिथे उलट.
• चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा : ४० अँपिअर-तासांना ४ अँपिअर.
• फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे पाणी नको.

फायबर बॉडी
• गोव्यात बनलेल्या दोन आसनी सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची. तीतून वीज वाहत नाही. अर्थच्या वायरींचे जोड गंजमुक्त ठेवा.

सावधान : चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा, विडी-काडी दूर ठेवा.