साठीतले ठोकळे

खेळण्याच्या खोक्यावर 'वय १८ आणि पुढे' असं छापलेलं बघितलं की आपल्याकडची मंडळी आधी हसतात. मग किंमत बघतात आणि हसणं थांबतं. काळं, गंभीर दिसणारं खोकं, वर एखाद्या जगप्रसिद्ध इमारतीचा फोटो आणि आत पिशव्यांमध्ये भरलेले हजारो तुकडे. लेगो कंपनीने २०२० पासून मोठ्यांच्या खोक्यांवर हा १८ चा शिक्का मारायला सुरुवात केली. त्यातल्या आयफेल टॉवरमध्ये १०,००१ तुकडे आहेत आणि तो बांधून झाला की दीड मीटरच्या जवळ जातो. ठेवायचा कुठे, हा प्रश्न खोक्यावर छापलेला नाही.

आम्ही म्हणजे शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतली सहा-सात घरं. पोरं शिकून आपापल्या गावी गेली, बेसमेंटमध्ये त्यांचे ठोकळ्यांचे डबे तेवढे राहिले. गेले चार हिवाळे शनिवारी दुपारी आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो आणि इमारती बांधतो. चहा, चिवडा आणि वाद भरपूर. आमच्यातल्या दोन वहिनींनी याचं नाव 'बालवाडी' ठेवलं होतं. हल्ली त्याच सगळ्यात आधी येऊन बसतात.

हे सगळं सुरू झालं डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावात. ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. प्लास्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या, पण त्या आतून पोकळ होत्या आणि एकमेकींना नीट धरून ठेवत नसत. ओलेंचे चिरंजीव गोडफ्रेड यांनी विटेच्या पोटात नळ्या बसवल्या आणि जानेवारी १९५८ मध्ये त्याचं पेटंट मागितलं. वरची बटणं खालच्या नळ्यांत घट्ट अडकतात, तरी हाताने सुटतात. सगळी करामत एवढीच. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते.

आता जरा मापाचं बोलू, कारण पुढची सगळी गंमत मापात आहे. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६. चपटी प्लेट त्याच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ३.२. पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात आणि दोन बटणांची रुंदीही १६. म्हणून वीट आडवी करून भिंतीत बसवता येते आणि फट राहत नाही. बटणं वर न ठेवता बाजूला काढण्याच्या या युक्तीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्नॉट' म्हणतात. त्या शब्दाचा इंग्रजीत दुसरा अर्थ शेंबूड, त्यामुळे नातवंडांसमोर हा शब्द जपून वापरावा.

पण उंची आणि रुंदी सारखी नसणं वास्तुरचनेला अडचणीचंच. खुद्द गोडफ्रेड यांना आपलं घर या विटांत मांडून बघताना ते जाणवलं, असं सांगतात. त्यातून १९६३ मध्ये 'मॉड्युलेक्स' नावाची वेगळी कंपनी निघाली. तिची वीट सगळ्या बाजूंनी ५ मिलिमीटरच्या हिशोबाची, खास आर्किटेक्ट आणि कारखान्याचे आराखडे करणाऱ्यांसाठी. ती फारशी चालली नाही आणि कंपनी पुढे पाट्यांच्या धंद्यात शिरली. साध्या विटेनेच मात्र मोठी कामं केली. माँट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मोशे साफदी यांनी 'हॅबिटॅट ६७' उभारलं. काँक्रीटची ३५४ खोकी एकमेकांवर रचलेली ती वसाहत, एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. तिच्या रचना त्यांनी लेगोच्या विटांनीच करून बघितल्या होत्या. लेखक नॉर्मन मेलर यांनी १९६५ मध्ये ब्रुकलिनच्या आपल्या दिवाणखान्यात भविष्यकाळातलं शहर रचलं. विटा लावायचं काम बरंचसं मित्रांनी केलं म्हणे. म्हणजे ही 'बालवाडी' काही आमच्यापासून सुरू झालेली नाही.

आमच्या शिकागोचा मान पुढचा. अॅडम रीड टकर हे इथले आर्किटेक्ट. विटांचे प्रचंड मनोरे बांधून ते प्रदर्शनं करत. त्यांच्याबरोबर काम करून लेगोने २००८ मध्ये 'आर्किटेक्चर' ही मालिका काढली आणि तिच्यातली पहिली दोन खोकी होती सिअर्स टॉवर आणि जॉन हॅनकॉक सेंटर. दोन्ही आपल्याच गावच्या. सिअर्सच्या खोक्यात तुकडे अवघे ६९. चहा निवायच्या आत टॉवर तयार.

पण तो टॉवर हातात धरला आणि आमच्यातले स्ट्रक्चरल इंजिनियर सुरू झाले. आपण भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा टॉवर दाखवायला नेतो, उंची सांगतो, वर काचेच्या गॅलरीत उभं करून फोटो काढतो. पण तो असा पायऱ्यापायऱ्यांनी बारीक का होत गेला? याचं उत्तर फझलुर रहमान खान. जन्म १९२९, ढाका. शिबपूरला शिकले आणि १९५२ मध्ये इलिनॉयला आले. एकच मोठा मनोरा वाऱ्यापुढे डुलतो, म्हणून त्यांनी प्रत्येकी ७५ फूट चौरस अशा नऊ नळ्या, तिनाच्या तीन ओळी, शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि एकत्र बांधल्या. काठीची मोळी म्हणा ना. त्यातल्या दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर संपतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि दोनच शेवटपर्यंत, ११० मजल्यांपर्यंत जातात. १,४५० फुटांचा हा टॉवर १९९८ पर्यंत जगातला सगळ्यात उंच होता. खान यांना ते बघायला मिळालं नाही, ते १९८२ मध्येच गेले.

हे सगळं ऐकून आम्ही खोकं बाजूला ठेवलं आणि सुट्या विटांनी तोच टॉवर परत बांधला. वाचकांनी जरूर करून बघावा. दोन बाय दोन बटणांची वीट म्हणजे एक नळी. त्या मापाने दोन नळ्या १५ विटांच्या, दोन १९, तीन २६ आणि दोन ३२ विटांच्या. एकूण २१० विटा आणि उंची एक फूट. आधी नऊही खांब सुटे उभे करा. टेबलाला धक्का लागला की उंच खांब डुलायला लागतो. मग दोन-तीन ठिकाणी विटेचा एकेक थर काढून तिथे प्लेटींचे तीन थर असे घाला की शेजारचे खांब एकमेकांत अडकतील. आता टेबल हलवून बघा. खऱ्या टॉवरलाही काही यांत्रिक मजल्यांवर असे पोलादी पट्टे आहेत. आमच्यातल्या एका काकूंनी भूगोल शिकवण्यात हयात घालवली. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं या टॉवरखालून जातेय, आज त्याची मोजणी कळली."

त्यांचा 'मोजणी' हा शब्द आम्हाला आवडला. विटांनी बांधायला लागलं की इमारत दिसायची थांबते आणि मोजायला लागते. किती नळ्या, किती थर, किती बाहेर आणि किती आत.

फ्रँक लॉइड राइट यांचं पेनसिल्व्हेनियातलं 'फॉलिंगवॉटर' हे घर याला चांगला नमुना आहे. १९३० च्या दशकात पिट्सबर्गच्या कॉफमन कुटुंबासाठी बांधलेलं. धबधब्यावर सज्जे काढलेले, मुख्य सज्जा पंधरा फूट अधांतरी. लेगोचं त्याचं खोकं २००९ चं, ८११ तुकडे. त्यात सज्जाची प्लेट पुढे सरकवत नेलीत की मागच्या बाजूला किती बटणं पकडीत आहेत याचा हिशोब बोटांनाच लागतो. मागे वजन कमी पडलं की पुढचं उलटतं. मात्र इथे प्लास्टिक आपल्याला थोडं फसवतं. खरा सज्जा काँक्रीटचा होता, त्यातली सळई कमी पडली आणि तो वर्षानुवर्षं खचत सात इंचांपर्यंत खाली आला. १९९७ मध्ये खालून टेकू द्यावा लागला आणि २००२ मध्ये पोलादी दोर ताणून तो सावरला. टेबलावरचं मॉडेल चार वर्षांत केसभरही खचलेलं नाही. राइटसाहेबांना आम्ही हे सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, कल्पना करवत नाही.

त्याच राइटांचं रोबी हाऊस शिकागोत, हाइड पार्कमध्ये आहे, १९१० चं. तिथल्या विटा लांबोळक्या आणि बारीक. आडव्या सांध्यांतला चुना खोल घेतलेला, उभ्या सांध्यांत मात्र विटेच्याच रंगाचा आणि विटेच्या पातळीला आणलेला. त्यामुळे भिंतीवर फक्त आडव्या रेघा दिसतात. लेगोने २,२७६ तुकड्यांत हे घर केलं ते चपट्या तांबड्या प्लेटींचे थरावर थर देऊन. तीन शनिवार गेले आणि आमच्यातल्या दोघांचे अंगठे सुजले. पण नंतर सगळे मिळून घर बघायला गेलो, तेव्हा गाइडने सांध्यांबद्दल सांगायच्या आधीच वहिनींनी भिंतीला नाक लावलेलं होतं.

ताजमहालाबद्दल लोक विचारतात. २००८ मध्ये तो निघाला तेव्हा ५,९२२ तुकड्यांचा, लेगोचा तोवरचा सगळ्यात मोठा संच. आमचं प्रामाणिक मत असं, की दिसतो देखणा, पण बांधताना जीव मेटाकुटीला येतो. एक मिनार झाला की तसेच आणखी तीन. ज्यांना जपमाळेची सवय आहे त्यांनी घ्यावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना दोन गोष्टी. बंद झालेले संच जुन्या बाजारात अवाच्या सवा किमतीला जातात, त्यांच्या मागे लागू नका. गराज सेलमध्ये पौंडावारी सुट्या विटा मिळतात, त्या घ्या. आणि तुकडे वेगळे ठेवायला आपल्या मसाल्याच्या डब्यासारखी सोय कंपनीलाही सुचलेली नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आमचे साताऱ्याचे एक स्नेही या बैठकीत पहिली दोन वर्षं नुसते चहा प्यायला यायचे. मागच्या हिवाळ्यात म्हणाले, "आमच्या वाड्याचं खोकं कुठे मिळेल?" वाडा १९९८ मध्ये पाडला. जागेवर चार मजली इमारत आहे. अख्ख्या वाड्याचा फोटो नाही. आहेत ते मुंजीचे, लग्नाचे, सगळ्यांत माणसंच पुढे आणि मागे एखादा खांब. नकाशा तर कधी नव्हताच.

पण त्यांना आठवत होतं ते फुटांत नव्हतं, खणांत होतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. ओसरी पाच खणांची, माजघर तीन खणांचं, देवघर एका खणाचं, बाळंतिणीची खोली दोन खणांची, तिथेच ते स्वतः जन्मले. इंजिनियर उठून बसले. त्या वाड्याचा खण पाच फुटांचा होता, हे थोरल्या भावाने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, कारण त्या अंतरावर झोपाळा टांगताना त्यांनीच दोर मोजला होता. एका खणाला चार बटणं धरली तर एक बटण म्हणजे पंधरा इंच. झालं! नऊ खण लांब, सात खण रुंद, मध्ये चौक. ४८ बटणांच्या पाटीवर वाडा बसला आणि परसदाराला, आडालाही जागा उरली. ज्या गवंड्यांनी तो बांधला ते मोजूनच बांधत होते, म्हणून आठवणीतून तो परत मोजता आला.

डिसेंबरपासून काम चाललंय. जोतं काळ्या विटांचं. भिंती पोरांच्या डब्यातून निघाल्या तशा, तांबड्या-पिवळ्या, एका बाजूला निळ्यासुद्धा. दर रविवारी सकाळी फोटो साताऱ्याला, पुण्याला आणि बडोद्याला जातात आणि भावंडांची भांडणं सुरू होतात. कोनाडा डावीकडे होता की उजवीकडे, तुळशीवृंदावन चौकाच्या मधोमध की जरा देवघराच्या बाजूला. सगळ्यात थोरल्या अक्का चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून त्यांची नात फोटो बघून एकेक खोली वाचून दाखवते आणि अक्का खण मोजतात. माजघर ऐकून त्या म्हणाल्या, "चौथा खण आहे तिथे. त्यात आईची पेटी असायची, म्हणून तुम्ही पोरं तो धरत नव्हतात." भिंत उकलली. चौथा खण घातल्यावर मागची खोली एका खणाने सरकली आणि महिनाभर न जुळणारं स्वयंपाकघराचं दार आपसूक आडासमोर आलं.

जिन्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. दादा म्हणतात ओसरीतून वर जायचा, धाकटी बहीण म्हणते माजघराच्या भिंतीतून, अंधारा. तिथे सध्या दोन खण मोकळे ठेवले आहेत. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, थांबा, आठवून सांगते.

तपकिरी विटा मात्र संपल्या. वाडा म्हटलं की खांब आलेच, आणि अजून बावीस खांब व्हायचे आहेत. कुणाच्या बेसमेंटमध्ये, पोरांच्या जुन्या डब्यात असतील, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला येताना घेऊन या. एक बाय एकच्या गोल मिळाल्या तर फारच उत्तम.