दगडी गाभाऱ्यातली आग

२५ मार्च २०२४ला, धुळवडीच्या पहाटे, उज्जैनच्या महाकाल मंदिरात भस्मआरतीच्या वेळी गुलाल उधळला गेला आणि गाभाऱ्यात भडका उडाला. पुजारी आणि सेवक असे १४ जण होरपळले. त्यांतले एक वयोवृद्ध सेवक पुढे दगावले. गाभारा दगडाचा, आणि दगड पेटत नाही. पेटते ती हवेत पसरलेली बारीक भुकटी. तिच्या कणाकणाला हवा मिळते आणि ज्योत जवळच असते. अशा ठिकाणी आग विझवायचा पावडरचा सिलिंडर घाईने मारला, तर त्याच्या झोतानेच खाली बसलेला गुलाल पुन्हा उडू शकतो. जिना, पाण्याची टाकी, पंप तपासून हा धोका कळला नसता. आपल्याकडे तपासणी इमारतीची होते, आग मात्र बहुतेकदा वापरातून लागते.

उज्जैनमध्येच रुळांपलीकडच्या माधवनगर-फ्रीगंजमधल्या दुकानांना आणि दवाखान्यांनाही हेच लागू आहे. कायदा असूनही ही उणीव राहते. शेजारच्या महाराष्ट्राचेच पाहा: तिथे २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार मालकाने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी फॉर्म’ घेऊन यंत्रणा चालू असल्याचे कळवायचे असते. तरतूद चांगलीच आहे, पण एजन्सीचे पैसे मालकच देतो आणि फॉर्म बोलतो तो यंत्रणेबद्दल. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचली. दाराशी सिलिंडर आहे का, एवढ्यावर अशा कक्षाची तपासणी संपता कामा नये. रात्रपाळीला कोण असते, आधी कोणते बाळ उचलायचे आणि कोणत्या दाराने न्यायचे, हेही विचारले पाहिजे.

अग्निशमन दलाकडे एवढी माणसे कुठून येणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, म्हणूनच प्रशिक्षणाला तपासणीइतकेच वजन हवे. पहिल्या दोन मिनिटांत बंब पोचत नाही; तिथे असतात पुजारी, परिचारिका, दुकानातला पोऱ्या. पिन ओढून झोत ज्वाळेच्या बुडाशी धरणे तासाभरात शिकता येते. कधी झोत न मारता माणसे बाहेर काढायची, हे ओळखायला मात्र वारंवार सराव लागतो. अशा सरावाने पूजेत व्यत्यय येईल, असेही म्हणतील. पण सेवकांच्या जिवाची काळजी घेतल्याने कोणत्याही पूजेला बाध येत नाही. २०२८ला उज्जैनमध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हा तंबू आणि गॅसच्या शेगड्या असतील. मंदिरातला सराव दुपारच्या सोयीच्या वेळी करून भागणार नाही. भस्मआरती ज्या वेळी सुरू होते, त्या पहाटे चारलाच तो घ्यावा लागेल.