डोळ्यांदेखतचा विश्वास आणि पावतीवरचा विश्वास

कोल्हापुरांत गंगावेशींतील दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाईक शेजारीं येऊन उभें राहतें, गवळी त्याच्यासमोर धार काढतो, आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला तेथेंच रिता करून गिऱ्हाईक आपल्या वाटेनें जातें. या दुधांत पाणी आहे काय, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. कारण आंचळापासून पेल्यापर्यंतचा सारा प्रवास त्याच्या डोळ्यांदेखत झालेला असतो. खाण्यापिण्याच्या बाबतींत कोल्हापूरकराचा स्वभाव या कट्ट्यानें घडविला आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. मटण घ्यावयाचें तें टांगलेल्या बोकडाकडे बोट दाखवून, आपल्यासमोर तोडवून. आणि जेवावयाचें तें ओळखीच्या खाणावळींत.

या खाणावळीची रीत श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची आहे. ‘या पाव्हणं, बसा’ असें स्वागत होतें. ताटांत सुकें मटण मोजकें असतें. परंतु तांबडा आणि पांढरा रस्सा घेऊन वाढपी पंक्तींतून फिरत असतो, आणि वाटी रिकामी दिसली कीं न विचारतां ती भरतो. मीठ कमी पडलें, भाकरी गार झाली, तर तक्रार लिहून द्यावी लागत नाहीं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे नुसतें पाहिलें तरी पुरते. यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. येथें आधीं जेवण होतें आणि मग पैसे दिले जातात. म्हणजे पहिला विश्वास मालक गिऱ्हाइकावर टाकतो.

अशा वातावरणांत वाढलेल्या शहरांत आतां परदेशी धर्तीचीं तळलेल्या कोंबडीचीं दुकानेंही आलीं आहेत. सुटीच्या दिवशीं नातवाचा हात धरून आजोबा तेथें जातात आणि क्षणभर गोंधळतात. वाढपी दिसत नाहीं. भिंतीवर चित्रांचा फलक असतो, खाली लांब काउंटर असतो. काय हवें तें तेथें सांगावयाचें, कांहीं ठिकाणीं तर माणसाला न सांगतां उभ्या पडद्यावर बोटानें दाबावयाचें; लगेच पैसे द्यावयाचे, क्रमांक घ्यावयाचा, आणि तो पुकारला जाईपर्यंत थांबावयाचें. येथें आधीं पैसे आणि मग अन्न. खाणावळीचा क्रम बरोबर उलटा झाला. पहिला विश्वास आतां गिऱ्हाइकानें टाकावयाचा असतो. त्यानें न पाहिलेल्या कोंबडीवर, न पाहिलेल्या तेलावर आणि न पाहिलेल्या हातांवर तो टाकावयाचा असतो. या दुकानांतील बहुतेक कुरबुरींचें मूळ येथें आहे.

हा धंदा मुळांत कसा उभा राहिला, हें पाहिलें म्हणजे त्याची रीत समजते. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत कॉर्बिन या गांवीं हार्लंड सँडर्स नांवाचे गृहस्थ मोटारींना पेट्रोल विकीत असत. १९३० सालापासून ते वाटसरूंना जेवण देऊं लागले. कोंबडी कढईंत नीट तळावयाची तर सुमारें अर्धा तास लागे, आणि वाटसरूला तेवढा वेळ नसे. १९३९ च्या सुमारास त्यांनीं वाफेच्या दाबानें शिजविणारें भांडें तळण्याच्या कामीं योजिलें. भांडें बंद असल्यानें आंत दाब वाढतो, दाबामुळें पाणी अधिक उष्णतेला उकळतें, मांसांतील ओलावा भराभर उडून जात नाहीं, आणि कोंबडी थोड्या मिनिटांत शिजून आंतून मऊ राहते. १९५२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें या पद्धतीचें पहिलें शाखा-दुकान दुसऱ्या एका उपाहारगृहचालकानें उघडलें. भारतांत तें १९९५ सालीं बंगळूरला आलें. हें दुकान जन्मलें तेंच घाईंत असलेल्या माणसासाठीं. जेवणाऱ्याला ओळखणारा मालक तेथें नसावा, हा त्याचा अपघात नव्हे, तो त्याचा पायाच आहे. मालकाच्या ओळखीच्या जागीं तेथें माप, घड्याळ आणि नियम बसविलेले आहेत.

आतां गिऱ्हाइकांच्या नित्याच्या तक्रारी घेऊं. पहिली तक्रार अशी कीं, हाडाजवळ मांस लालसर किंवा काळपट दिसतें, म्हणजे कोंबडी कच्ची आहे. मुरवून, शिजवून, हाडापासून सुटणारें मटण खाणाऱ्या कोल्हापूरकराला हा संशय येणें स्वाभाविक आहे. पण तो दर वेळीं खरा नसतो. या दुकानांतील कोंबडी अवघ्या सहा-सात आठवड्यांची असते. तिचीं हाडें पुरतीं टणक झालेलीं नसतात. आंतल्या मगजाचा रंग, विशेषतः मांस गोठवून ठेवलेलें असल्यास, बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर काळवंडतो. कोंबडी शिजली कीं नाहीं हें रंगावरून ठरत नाहीं, उष्णतेवरून ठरतें. मांसाच्या गाभ्याला ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोंचली म्हणजे तें खाण्यास निर्धोक समजतात. मात्र मांस चिवट आणि ओलसर गुलाबी असेल, दातांना रबरासारखें लागत असेल, तर तुकडा परत करण्यांत संकोच बाळगूं नये.

दुसरी तक्रार अशी कीं, दुकानांत कुरकुरीत लागणारी कोंबडी घरीं नेली कीं लिबलिबीत होते. यांत दुकानाची लबाडी नसून वाफेचा खेळ आहे. तळतांना वरच्या पिठाच्या कवचांतील पाणी उडून जातें म्हणून तें कुरकुरीत होतें. गरम तुकडा बंद खोक्यांत ठेवला कीं आंतून निघणारी वाफ त्याच कवचांत मुरते. खोक्याचें झांकण थोडें उघडें ठेवावें, इतकाच त्यावर उपाय. 

तिसरी तक्रार मात्र शास्त्रानें फेडतां येत नाहीं. तुकडा गार, तेलाला वास, फलकावरील चित्रांत मांडी आणि हातांत पंखाचें टोंक. गर्दीच्या आधीं तळून ठेवलेला माल वेळ उलटून गेल्यावर गिऱ्हाइकाच्या गळ्यांत घालणें हा दोषच होय. तेल पुनःपुन्हां तापविल्यानें तें बिघडतें आणि त्यांत घातक संयुगें वाढतात. अशा ध्रुवीय संयुगांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेलेलें तेल वापरूं नये, असा भारतांत १ जुलै २०१८ पासून नियम आहे. हा नियम त्या चकचकीत दुकानाला लागू आहे, तसाच रस्त्यावरच्या वड्याच्या गाडीलाही लागू आहे.

येथें पावतीचें महत्त्व येतें. मालकाचा चेहरा नाहीं, तेथें पावती हाच मालकाचा चेहरा होय. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या पावतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा अथवा नोंदणीचा चौदा आंकडी क्रमांक छापणें बंधनकारक झालें आहे. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं पदार्थांच्या नांवासमोर त्यांतील उष्मांक दाखविले पाहिजेत. सेवाशुल्क म्हणून वेगळी रक्कम आपोआप बिलांत मिळवूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं बजावलें, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च १९ नव्हे, तर २८ मार्च २०२५ रोजीं तें उचलून धरलें. तक्रार काउंटरवर मिटली नाहीं, तर राष्ट्रीय ग्राहक सेवेचा १९१५ हा दूरध्वनि आहे. अन्न अस्वच्छ असल्यास अन्न व औषध प्रशासन आहे. आणि त्याहीपुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, गिऱ्हाईक जेथें राहतें तेथल्या आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाहीं. वकील लावलाच पाहिजे, असेंही नाहीं. परंतु या सर्वांची किल्ली तो कागदाचा कपटा आहे, आणि गिऱ्हाईक नेमका तोच चुरगाळून उष्ट्या ताटलींत टाकून येतें.

एवढें ऐकून कोणी म्हणेल कीं, असल्या कागदी विश्वासापेक्षां आपली खाणावळच बरी. रश्श्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु ओळखीच्या विश्वासाची दुसरी बाजू याच शहरानें पाहिली आहे. जो मालक गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखतो, तो त्याची जातही ओळखतो. एके काळीं किती तरी माणसांना उपाहारगृहाच्या उंबऱ्याबाहेर उभें राहून, वरून ओतलेला चहा प्यावा लागे, तो या ओळखीमुळेंच.

राजर्षि शाहू महाराजांच्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचे सेवक होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनीं मारणारांना शासन केलें, आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास पैसे दिले. त्या पैशांतून गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नांवाचें चहाचें हॉटेल काढलें. दुकान स्वच्छ होतें, चहा चांगला होता; परंतु दुकानदार कोण हें सर्वांना ठाऊक असल्यामुळें गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवूं लागले, स्वतः चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजूं लागले. छत्रपतींचा पेला रिकामा झाल्यावर इतरांना तोंड वळवितां येईना. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें, दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं, असें ठरविलें. महाराजांनीं एका रस्त्यावर गाडी थांबवून जें केलें, तें घटनेनें साऱ्या देशासाठीं केलें.

काउंटरवरचा क्रमांक पुकारला जातो तेव्हां कोणाचें आडनांव पुकारलें जात नाहीं. हा त्या कोरड्या पद्धतीचा गुण विसरूं नये. तिचा दोषही तितकाच उघड आहे. क्रमांकाला भूक कळत नाहीं, आणि पडद्यावरचीं अक्षरें न लागणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तो पडदा ‘बसा’ म्हणत नाहीं. तें काम माणसाचेंच आहे. काउंटरमागें उभा असलेला मुलगा बहुधा पहिलीच नोकरी करणारा, आसपासच्या गांवचा असतो. तेल त्यानें आणलेलें नसतें, भाव त्यानें ठरविलेला नसतो. त्याच्यावर ओरडून गार तुकडा गरम होत नाहीं. पावती पुढें करून, शांतपणें दोष दाखवून तुकडा बदलून मागणारें गिऱ्हाईक आपलें काम करून घेतें, आणि मागल्या रांगेंतल्या माणसाचेंही करतें.

गंगावेशींतल्या पेल्यावर विश्वास ठेवण्यास डोळे पुरतात. भिंतीआड शिजणाऱ्या अन्नासाठीं डोळ्यांना वाचनाची जोड द्यावी लागते. आजोबांनीं नातवाला कोंबडी अवश्य खाऊं घालावी; मात्र उठण्यापूर्वीं पावतीवरचा तो चौदा आंकडी क्रमांक त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. रस्सा वाढतांना वाढप्याकडे पाहण्याची संवय जशी कोल्हापुरानें आपल्या मुलांना लावली, तशी हीही लागेल.