नाळेच्या पेशी, यकृताचे काम

नाळ म्हणजे गर्भाला वारेशी जोडणारी सुमारे अर्धा मीटर लांबीची दोरी. तिच्यात दोन रोहिण्या आणि एक नीला असते, आणि त्यांच्याभोवती बुळबुळीत पांढरट गर असतो. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘व्हार्टनची जेली’ या नावाने ओळखला जातो. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत पूर्वी नाळ-वार घराजवळच पुरत. आता दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत पडते आणि जाळली जाते. या गरात मूळपेशी असतात. त्या मिळवताना आईला किंवा बाळाला कसलीही इजा होत नाही.

नाळेतले रक्त आणि नाळेचा गर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तातल्या मूळपेशी मुख्यतः रक्तच तयार करतात. १९८८ मध्ये पॅरिसला एका मुलावर असे पहिले रोपण झाले आणि रक्ताच्या काही आजारांसाठी ते आज मान्य आहे. गरातल्या पेशी हाड, कूर्चा आणि चरबी घडवणाऱ्या जातीच्या. त्यांच्याकडून यकृताचे काम करवून घ्यायचे तर त्यांना यकृताच्या वाटेवर न्यावे लागते.

यकृत अल्ब्युमिन बनवते, अमोनियाचे युरियात रूपांतर करते, साखर साठवते आणि औषधे निकामी करते. ते निकामी झाले की पोटात पाणी साठते, कावीळ चढते, रोगी भ्रमिष्ट होतो. शेवटचा उपाय रोपणाचा, पण अवयव थोडे आणि खर्च जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना न झेपणारा. म्हणून अख्ख्या अवयवाऐवजी नुसत्या पेशी देण्याची कल्पना पुढे आली. यातले एक महत्त्वाचे पाऊल हैदराबादला पडले. डॉ. सी. एम. हबीबुल्ला आणि सहकाऱ्यांनी यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांच्या उदरपोकळीत गर्भाच्या यकृतपेशी सोडल्या. तो अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण पेशी आणायच्या कुठून ही होती: यकृताच्या पेशी शरीरात गरज पडली की भराभर वाढतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाहीत आणि थोड्याच दिवसांत आपले गुण विसरतात. नाळेतल्या पेशी मात्र आठवडे न् आठवडे वाढत राहतात.

प्रयोगशाळेत नाळ स्वच्छ करून तिचे बारीक तुकडे करतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या चातीच्या आकाराच्या पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात. मग ठरलेल्या क्रमाने वाढघटक देतात: आधी फायब्रोब्लास्ट आणि यकृतपेशींचे घटक, नंतर ऑन्कोस्टॅटिन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. तीन-चार आठवड्यांत पेशी बहुकोनी होतात, अल्ब्युमिन आणि युरिया बनवू लागतात, ग्लायकोजेन साठवतात.

तरीही संशोधक त्यांना ‘यकृतपेशी’ म्हणत नाहीत, ‘यकृतसदृश पेशी’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. औषधे पचवणारी सायटोक्रोम विकरे त्यांच्यात कमी असतात, आणि अल्फाफीटोप्रोटीन हे गर्भावस्थेचे प्रथिन टिकून राहते. थोडक्यात, पेशी अपक्व राहते. शिवाय दीड किलोच्या यकृतात शंभर अब्जांहून अधिक पेशी असतात. पाच टक्के भार उचलायचा तरी कित्येक अब्ज पेशी हव्यात. २०१३ मध्ये जपानच्या ताकानोरी ताकेबे यांनी एक वेगळी वाट दाखवली. त्यांनी यकृताकडे वळवलेल्या पेशी, नाळेच्या शिरेतल्या पेशी आणि आधारपेशी एकत्र वाढवल्या आणि त्यांचे ‘यकृतकोंब’ तयार झाले. उंदरात बसवल्यावर त्यांना रक्तपुरवठा मिळाला.

चीनमध्ये सिरोसिसच्या रुग्णांना नाळेच्या पेशी थेट शिरेतून देऊन पाहिल्या आहेत. तिथे पेशींचे यकृत होणे अपेक्षित नव्हते. त्यांच्यातून स्रवणारे घटक दाह कमी करतात, अशी धारणा होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यकृतासाठी मूळपेशी देणे हा फक्त नोंदणीकृत चाचणीचा विषय आहे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. व्यावसायिक पेढीत नाळेचे रक्त साठवायला परवानगी आहे, नाळेचा गर साठवायला नाही. म्हणून कोणी यकृतासाठी ‘नाळेचे इंजेक्शन’ विकत देऊ लागला, तर परभणीच्या माणसाने आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो नसेल तर तिथून उठून यावे.