दोन चिठ्ठ्या आणि हरवलेला भाव

आज आपण गणितावर बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका, हे गणित आपल्या पैशाचंच आहे.

आमच्या गटात काहीजणी कडक भाकरी करतात, काहीजणी शेंगाची चटणी कुटतात. एका दुकानदाराकडे दोनदा माल गेला. पहिल्यांदा भाकरीची २० पाकिटं आणि चटणीची ३०, आले ३६०० रुपये. दुसऱ्यांदा भाकरीची ४०, चटणीची ५०, आले ६४००. भाव फोनवर ठरला होता, वहीत लिहायचा राहिला. एकूण १०,००० रुपये. आम्ही निम्मे निम्मे वाटले. चटणीवाल्या रुसल्या. दुकानदाराला विचारावं, तर तो म्हणणार, बायांना हिशेब जमत नाही.

तेव्हा एकीची दहावीतली मुलगी म्हणाली, "मावशी, हा तर आमचा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे." चल म्हणजे ज्याची किंमत ठाऊक नाही ते. इथं भाकरीचा भाव आणि चटणीचा भाव.

ती म्हणाली, पहिला माल दुप्पट गेला असं धरा. भाकरी ४०, चटणी ६०, पैसे ७२००. आता दुसऱ्या चिठ्ठीशेजारी ठेवा. भाकरी दोन्हीकडं ४०च. चटणीची १० पाकिटं जास्त, पैसे ८०० जास्त. म्हणजे चटणीचं पाकीट ८० रुपयांचं. पहिल्या चिठ्ठीत चटणीचे २४०० झाले, उरले १२००, म्हणून भाकरीचं पाकीट ६० रुपयांचं. ताळा दुसऱ्या चिठ्ठीवर करा: २४०० आणि ४०००, बरोबर ६४००.

भाकरीवाल्यांचे ३६००, चटणीवाल्यांचे ६४००. आम्ही १४०० रुपये चुकीच्या हातात दिले होते. दुसऱ्याच दिवशी ते परत फिरले आणि अबोलाही सुटला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन्ही वेळी भाव एकच असला पाहिजे. आणि दुसरी चिठ्ठी पहिलीच्या नुसती दुप्पट असेल, तर उत्तर निघत नाही, कारण तिच्यात नवीन माहितीच नसते.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात अशा अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली. आपण भा आणि च म्हणू, बिघडलं कुठं?

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन जुन्या पावत्या घेऊन करून बघा. आणि भाव मात्र वहीत लिहा!