वाळवंटाच्या काठचा पेंग्विन

उन्हाळ्याच्या सुटीत पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कुटुंबे मुंबईस जातात, तेव्हा मुलांच्या आग्रहास्तव भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच जुन्या राणीच्या बागेत, एक फेरी होतेच. बाहेर अंग घामाने निथळत असते आणि काचेपलीकडे 16 ते 18 अंश सेल्सिअसच्या गारव्यात पेंग्विन विहरत असतात. ते पाहून अनेकांचा समज होतो, की हे पक्षी दक्षिण ध्रुवाच्या बर्फातले आहेत. वस्तुस्थिती निराळी आहे. हे हम्बोल्ट पेंग्विन होत. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे. अटाकामा हे जगातील अत्यंत कोरडे वाळवंट त्याच किनाऱ्याला लागून पसरले आहे.

एक कुळ, अनेक घरे

पेंग्विनांच्या सुमारे 18 प्रजाती असून त्यांपैकी थोड्याच बर्फावर राहतात. अंटार्क्टिकातील सम्राट पेंग्विन एक मीटरहून अधिक उंच असतो आणि त्याचे वजन 40 किलोपर्यंत जाते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील सर्वांत लहान पेंग्विन जेमतेम एक किलोचा भरतो. या फरकाला कारण आहे. बर्फाची मोठी लादी लहान तुकड्यांपेक्षा सावकाश वितळते, कारण वजनाच्या मानाने तिचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. त्याच न्यायाने मोठे शरीर आपली ऊब अधिक काळ राखते. म्हणून अतिथंड प्रदेशात थोराड देह उपयोगी पडतो, तर उबदार किनाऱ्यावर आटोपशीर देह सोयीचा ठरतो.

सम्राट पेंग्विनाचा नर अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात सुमारे दोन महिने एकच अंडे आपल्या पावलांवर, पोटाच्या त्वचेच्या घडीखाली जपतो. या काळात तो काहीही खात नाही. शेकडो नर एकमेकांना बिलगून उभे राहतात आणि आळीपाळीने कडेचे आत व आतले कडेला सरकत असतात. वाऱ्याचा मारा असा सर्वांनी वाटून घेतलेला असतो.

शरीराची घडण

घरे वेगळी असली, तरी समुद्रातील जीवनासाठी सर्वच पेंग्विनांची घडण सारखी आहे. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ असतात, तर पेंग्विनांची भरीव, त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते. पंखांची जणू वल्ही झाली आहेत. आखूड, ताठ पिसे कौलांप्रमाणे एकमेकांवर बसतात, त्यांच्या मुळाशी मऊ लव हवेचा थर धरून ठेवते, आणि शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल पिसांना लावल्याने पाणी आत शिरत नाही. पायांकडे जाणारे उष्ण रक्त परतणाऱ्या थंड रक्ताच्या शेजारून वाहते व आपली उष्णता त्याला देते. कारखान्यातील उष्णता-विनिमयकाचे तत्त्व हेच. डोळ्यांवरील ग्रंथी रक्तातील जादा मीठ बाहेर टाकते, म्हणून समुद्राचे पाणी पोटात गेले तरी अपाय होत नाही.

उन्हाशी जुळवून घेताना

हम्बोल्ट पेंग्विनापुढे मात्र दुहेरी पेच आहे. हम्बोल्ट प्रवाहामुळे समुद्र थंड व माशांनी समृद्ध, पण किनाऱ्यावर कडक ऊन. पाण्यात ऊब राखायची आणि जमिनीवर तीच बाहेर टाकायची. त्यासाठी त्याच्या चोचीभोवती पिसे नसलेली गुलाबी त्वचा असते. उकाडा वाढला, की तेथे रक्त अधिक धावते व उष्णता निघून जाते. तो पंख पसरून उभा राहतो, धापा टाकतो. सर्वांत मोठा आधार मात्र बिळाचा. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे जाड थर किनाऱ्यावर साचत, त्यांस ग्वानो म्हणतात. त्यात बीळ खोदून मादी बहुधा दोन अंडी घालते व नर-मादी मिळून सुमारे 40 दिवस ती उबवतात.

मुद्दल संपविणारा व्यापार

येथेच व्यापाराचा प्रवेश होतो. नत्र व स्फुरदाने संपन्न ग्वानोला युरोपातील शेतीसाठी मोठी मागणी आली. 1840 नंतरच्या चार दशकांत पेरूने एक कोटी टनांहून अधिक ग्वानो निर्यात केला. चिंचा बेटांवरील थर खरवडले गेले. ते खोदणाऱ्या चिनी मजुरांचे अतोनात हाल झाले. तिजोरी भरली, परंतु हजारो वर्षांत साचलेली ठेव एका-दोन पिढ्यांत संपली. व्याजावर भागविण्याऐवजी मुद्दलच खर्ची पडले. पुढे 1909 मध्ये पेरूने सरकारी कंपनी स्थापून उपसा नियंत्रित केला.

पेंग्विनांचे बीळ मात्र हरपले. उघड्या खडकावर घातलेली अंडी उन्हाने तापतात, गल पक्ष्यांच्या तोंडी पडतात. त्यात एल निनोच्या वर्षी समुद्र तापून मासे दूर जातात. 1982-83 च्या एल निनोने ही संख्या मोठ्या प्रमाणात घटली. आज ही प्रजाती असुरक्षित गणली जाते. चिलीत तिच्या राखीव क्षेत्राजवळ लोखंड-तांब्याची खाण व बंदर उभारण्याचा डोमिंगा प्रकल्प अनेक वर्षे वादात आहे. जानेवारी 2023 मध्ये तेथील मंत्र्यांच्या समितीने तो नामंजूर केला, तरी न्यायालयीन झगडा पुढे चालूच राहिला. चिली हा जगातील सर्वांत मोठा तांबे-उत्पादक देश आहे आणि चाकणला बनणाऱ्या मोटारींच्या तारा तांब्याच्याच असतात. हा किनारा वाटतो तितका दूर नाही.

भायखळ्यातील संसार

जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले. ऑक्टोबरमध्ये एका मादीचा संसर्गाने मृत्यू झाला आणि त्यांना येथे आणण्याच्या औचित्यावर तीव्र टीका झाली. मार्च 2017 पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. 15 ऑगस्ट 2018 रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवड्याभरातच दगावले. पुढे मात्र पिल्ले जगली व उरलेल्या सातांचा परिवार दुपटीहून अधिक झाला.

तरीही तो संसार शीतयंत्रे, गाळलेले पाणी, ताजी मासळी आणि अहोरात्र देखरेख यांवर उभा आहे. निसर्गाने एका थंड प्रवाहातून व विष्ठेच्या थरांतून जे विनामूल्य दिले होते, ते यंत्रांनी उभे करण्यास केवढा खर्च येतो, हे त्या काचेसमोर उभे राहिल्यावर कोणाही हिशेबी माणसाच्या ध्यानात येईल. जीवदयेची परंपरा जपणाऱ्या घरांतील मुलांना पेंग्विन अवश्य दाखवावा, आणि त्याच्या हरवलेल्या बिळाची कथाही सांगावी. मुद्दल राखावे, हा पेढीवरचा धडा समुद्रकिनाऱ्यालाही लागू पडतो.